पोथीच्या तोंडी घातलेला शब्द

माय,

तुला लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडखळले, कारण तुझ्याशी मी अशा पुस्तकी भाषेत कधी बोललेच नाही. आपलं बोलणं म्हणजे मी दारातून आत येत विचारायचं, "का करून राहिली वं माय?" आणि तू वर न बघता म्हणायचं, "ये, बस." पण ते बोलणं कागदावर उतरवायला गेले की डोळे भरतात आणि पुढे हात चालत नाही, म्हणून शाळेत मुलांना शिकवते त्याच भाषेत लिहिते आहे. तुला ही भाषा परकी नव्हती. चौथी शिकलेली तू, पण पोथीतली जुनी मराठी, जी आमच्या कॉलेजातल्या सरांनाही मध्येच थांबवायची, ती तू एका दमात वाचायचीस. इकडे सानगडीला आता धानाची कापणी चालू आहे, शाळेला दिवाळीची सुट्टी आहे, दुपारची वेळ आहे आणि घरात कोणाला माझ्याकडे काही काम नाही. मागच्या आठवड्यात मी आपल्या गल्लीत जाऊन आले. तिथे जे पाहिलं ते सांगायचं आहे, पण त्याआधी बरंच मागचं सांगावं लागेल. त्यातलं काही तुला ठाऊक आहे. एक गोष्ट ठाऊक नाही, आणि ती तुला ठाऊक नाही हेच माझं गेल्या वीसेक वर्षांचं दुखणं आहे.

आपलं दोन खोल्यांचं घर मला अजून आवाजांनी आठवतं. पुढच्या खोलीत खड्ड्यातला माग, त्यावर बाबा, आणि मागाशेजारी चरखा घेऊन तू सुताच्या कांड्या भरत बसलेली. तुम्हा दोघांचे हात कामात गुंतलेले, म्हणून सकाळची पोथी वाचायचं काम माझ्याकडे. मी नऊ-दहा वर्षांची असेन. बाहेर गल्लीत पोरी लंगडी खेळत आहेत, त्यांचा ओरडा खिडकीतून आत येतो आहे, आणि पोथीतला अध्याय काही केल्या संपत नाही. मी दोन पानं एकदम उलटली आणि तसंच पुढे वाचत गेले. मागावर बाबांच्या धोट्याची लय तशीच चालू राहिली. तुझा चरखा थांबला.

"मांगच्या पानावर जा," तू म्हणालीस.

"काहून?"

"मधातलं खाऊन गेली तू."

"नाही, इतकंच आहे पोथीत."

तू उठलीस, हाताला लागलेली सुताची कुसं धुतलीस, पदराला हात पुसलेस आणि मग पोथी माझ्या मांडीवरून उचललीस. गाळलेली पानं उघडून त्यावर बोट ठेवलंस. मला वाटलं, आता पाठीत बसणार. पण तू मारलं नाहीस, आवाजही चढवला नाहीस. "तुले खेळाले जाचं होतं तं खेळाले जातो म्हणाचं होतं," तू म्हणालीस. "तुह्या मनचं तुह्या तोंडानं बोल. ते पोथीच्या तोंडी घालू नोको पोरी. बाकी सारं देव माफ करन." मग ती दोन पानं माझ्याकडून वाचून घेतलीस आणि मला खेळायला सोडलंस. त्या दिवशी मी खेळले नाही. ओट्यावर बसून राहिले.

गल्लीतल्या बायका तुला काहीबाही विचारायला यायच्या. मूल जाऊन वर्ष न झालेल्या बाईनं दुसरीची ओटी भरावी का, घरात आजारी माणूस असताना उपास मोडला तर काय होतं, असलं सगळं. तू चरखा फिरवत फिरवत ऐकायचीस आणि बहुतेक वेळा एकच म्हणायचीस, "पोथीत तं नाई असं. लोकं म्हणते ते लोकाचं." ज्या बाईला सगळ्यांनी हळदीकुंकवातून बाजूला बसवलं होतं, तिचा हात धरून तू तिच्याकडून आपल्या घरची पहिली ओटी भरून घेतलीस. पण पोथी तुझ्या सोयीची नव्हती, हेही मी पाहिलं आहे. मोठ्या काकूनं तुझ्याशी बोलणं सोडून आठ वर्षं झाली होती आणि चूक तिची होती, हे सगळी गल्ली जाणून होती. एक दिवस अध्यायात मनात राग धरू नये असं काही आलं. तू तिथेच थांबलीस, ती ओळ पुन्हा वाचायला लावलीस, आणि त्याच दिवशी लाखोळीच्या डाळीचे वडे तळून, वाटी पदराखाली झाकून, काकूच्या दारात जाऊन उभी राहिलीस. परत आलीस तेव्हा रडलेली दिसत होतीस. मी विचारलं, एवढं जड जात होतं तर गेलीस कशाला? तू म्हणालीस, "आवडते तेवढंच ऐकाचं असन तं पोथी कायले पायजे?"

बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला तेव्हा देवळातल्या चातुर्मासाच्या पोथीला त्यांच्या जागी तू बसायला लागलीस. दुपारी जेवणं झाली, माग थांबले की गल्ली देवळात जमायची. पुरुष खांबांना टेकून, बायका पलीकडे, आणि चौरंगापाशी तू. बाबा समोर डोळे मिटून बसायचे आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळायचं की तू त्यांच्याहून चांगलं वाचतेस हे त्यांना मान्य आहे. ते गेले ते चातुर्मासातच. तेरावं झाल्यावर दुसऱ्या दिवशी गल्लीतले चार म्हातारे आपल्या दारात आले. मला वाटलं, भेटायला आले आहेत. त्यातला सगळ्यात थोरला खाली बघत म्हणाला, "बाई, अध्याय अर्धा राहिला आहे जी." तू पांढरं कपाळ घेऊन उठलीस आणि देवळात जाऊन अर्धा अध्याय पुरा केलास. कोणी एक शब्द काढला नाही. त्यानंतरचे सहा चातुर्मास तूच वाचत होतीस.

मी भंडाऱ्याच्या कॉलेजात संस्कृत घेतलं ते तुझ्यामुळे. पोथीत मराठी ओव्यांच्या वर मध्ये मध्ये संस्कृत श्लोक यायचे, ते तू म्हणायचीस पण त्यांचा अर्थ तुला लागायचा नाही, आणि ते तुला आतून सलायचं. मी पास झाले त्या दिवशी तू मला संस्कृतचा जाड शब्दकोश दिलास. नागपूरला जाणाऱ्या कोणाकडून तरी मागवला होतास. बाबांनी विणलेल्या शेवटच्या लुगड्याच्या उरलेल्या कापडाची त्याला खोळ शिवली होतीस. म्हणालीस, "आता आपल्या घरात कोणी तरी आहे, जिले खालचं बी समजते अन् वरचं बी." तुझ्या तोंडून कौतुक निघायचं नाही फारसं. ते वाक्य मी कितीतरी दिवस मनात घोळवत फिरले.

जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. नदीकाठी महाराज येऊन राहिले आणि त्यांचा मठ उभा राहिला. आज इतक्या वर्षांनी मला त्यांच्याबद्दल वाईट लिहावंसं वाटत नाही. गोड बोलायचे. त्यांच्या शब्दाखातर आपल्या गल्लीतल्या पाच-सहा माणसांनी दारू सोडली, आणि त्यांच्या बायकांनी मठाच्या पायरीवर डोकं ठेवलं ते काही उगाच नाही. त्या चातुर्मासात एका दुपारी ते आपल्या देवळात आले, खांबाशी उभे राहून सगळा अध्याय ऐकला, आणि आरती झाल्यावर सगळ्यांसमोर म्हणाले, "माताजी, आवाज फार गोड आहे तुमचा. पण पतीच्या माघारी बाईनं चौरंगावर बसून पोथी सांगू नये. शास्त्राची मनाई आहे."

तू हात जोडलेस. "कोणत्या शास्त्रात जी?"

"आमच्या गुरूंनी सांगितलेलं आहे."

"तुमचे गुरू मोठेच असतीन. पण ते पोथीहून मोठे काय?"

मागून कोणी तरी म्हणालं, "महाराजाले पुरावा मागते का बाई?" तू मागे वळून पाहिलंस. तुझा आवाज तसाच होता, पोथी वाचतानाचा. "महाराजाले नाई मागून राहिली. पोथीले मागून राहिली. मले पान दाखवा. पानावर असन तं आत्ताच उतरीन, अन् जलमभर चढणार नाई. नसन तं कोणाच्या बी सांगण्यानं उतरणार नाई." मी बायकांत बसले होते. माझ्या अंगावर काटा आला होता, आणि तो अभिमानाचा होता, हे तुला सांगून ठेवते.

दोन दिवसांनी मठातून पुस्तक आलं. जाड, पिवळ्या पानांचं, सगळं संस्कृत, आचाराचं आणि व्रतांचं. एका पानात खुणेला दर्भाची काडी. तू ते कपाळाला लावलंस आणि माझ्या हातात दिलंस. "तू वाच. तुले येते." थोरल्या म्हाताऱ्यानं गल्लीला सांगितलं, रविवारी दुपारी पोरगी वाचून दाखवन, जे निघन ते सगळ्याले मान्य. महाराजांनीही होकार कळवला.

तीन दिवस ते पुस्तक माझ्यापाशी होतं. मी शब्दकोश घेऊन बसले. काडी ठेवलेल्या पानावर पाणी कसं गाळावं, कोणत्या धातूचं भांडं कशानं घासावं, उपास कशानं सोडावा, एवढंच होतं. मला वाटलं खूण चुकली असेल, म्हणून ते सगळं प्रकरण वाचलं. मग पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळं पुस्तक. बाईनं पोथी वाचू नये असं कुठेही नव्हतं. नवरा गेलेल्या बाईनं वाचू नये असंही नव्हतं. उलट एका ठिकाणी वाचणारा आणि ऐकणारा दोघंही तरतात अशा अर्थाचं काही होतं, आणि त्यात कोणाला वगळलेलं नव्हतं. शनिवारी दुपारी मी ते संपवलं. तू नदीवर धुणं घेऊन गेली होतीस. तू येईपर्यंत मला दम निघेना. मी दारातच उभी होते, तुला लांबून येताना बघून ओरडून सांगायचं ठरवून.

तुझ्याआधी सानगडीहून मामंजी आले. तेव्हा ते होणारे सासरे होते. साक्षगंध होऊन महिना झाला होता, तुळशीचं लग्न झालं की आमचं लग्न ठरलेलं. त्यांचं घर मठाचं. ओट्यावर बसले, मी दिलेलं पाणी प्याले, तुझी चौकशी केली. मग पेला खाली ठेवून म्हणाले, "महाराजानं माह्या मोठ्या पोराची दारू सोडवली बाई. त्याचे लेकरं बापाले पाहून दडून बसत होते, आता त्याच्या खांद्यावर बसते. त्यांचा शब्द उद्या चारचौघांत खाली पडला तं आमच्या घरात का राहीन?" मी रिकामा पेला उचलला. "तू शिकलेली पोरगी. तुले जे समजन ते सांग. मी कायले सांगू? पण तुले आमच्या घरी याचं आहे, एवढं ध्यानात ठेव." इतकंच बोलले आणि तू यायच्या आत निघूनही गेले. धमकी म्हणावी असं त्यात काही नव्हतं. ते काकुळतीला आले होते.

पुढची कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी ते तुझ्यासाठी केलं. गल्ली तुझ्या विरोधात जाईल, म्हातारपणी तू एकटी पडशील, महाराजांना खोटं पाडून तुला काय मिळणार, वगैरे. तुझ्यासमोर तरी आता ते म्हणत नाही. शब्दकोशाच्या खोळीत मी त्याची दोन पत्रं लपवलेली होती, ज्याच्याशी माझं लग्न ठरलं होतं त्याची. मला तो हवा होता. मला ते घर हवं होतं. तू नदीवरून आलीस, धुणं वाळत घालता घालता विचारलंस, "झालं का वाचून?" मी म्हटलं, "झालं. उद्याच सांगते."

रविवारी देऊळ भरलेलं. महाराज एका बाजूला आसनावर. तू चौरंगापाशी. मी पुस्तक घेऊन मध्ये उभी राहिले आणि म्हणाले, "आहे."

तू म्हणालीस, "वाचून दाखव."

मी काडीचं पान उघडलं आणि वाचलं. स्वच्छ, चालीवर, तू शिकवलंस तसं. पाणी गाळायच्या नि भांडी घासायच्या त्या ओळी होत्या, माय. सगळं देऊळ हात जोडून ऐकत होतं आणि तूही हात जोडले होतेस. मग मी अर्थ सांगितला. पती गेल्यावर स्त्रीनं सभेत ग्रंथ सांगू नये, सांगितल्यास दोष सांगणारीला आणि ऐकणाऱ्यांनाही. हे शेवटचं, ऐकणाऱ्यांना दोष लागण्याचं, माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही. कोणी मागितलेलंही नव्हतं. खरं वाटावं म्हणून जोडलं असेन. महाराजांकडे माझी नजर गेली. ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतकी सुटका होती की मला तेव्हाच कळलं, यांनी हे पुस्तक कधी वाचलेलंच नाही. त्यांनाही भीतीच होती.

तू पोथी मिटलीस, लाल कापडात गुंडाळलीस, गाठ मारलीस. चौरंगाला डोकं टेकवून खाली उतरलीस आणि पोथी थोरल्या म्हाताऱ्याच्या हातात दिलीस. तो घेईना. "घ्या जी," तू म्हणालीस, "पानावर आहे." घरी येऊन तू चूल पेटवलीस. मी वाट बघत होते की तू रडशील, महाराजांना बोल लावशील, मला काही विचारशील. तू भात टाकलास, आणि मला जेवायला वाढलंस, आणि स्वतः जेवली नाहीस.

तू नुसती गप्प झाली असतीस तरी मी कदाचित सांभाळून घेतलं असतं. पण तुझा हिशेब वेगळाच निघाला. सहा चातुर्मास तू वाचलं होतंस. म्हणजे सहा चातुर्मास तू पाप केलंस आणि सगळ्या गल्लीला करायला लावलंस. "नकळत घडलं म्हणून का झालं? घडलं तं," तू म्हणालीस आणि सहा वर्षांचं प्रायश्चित्त घेतलंस. चातुर्मासभर एक वेळचं खाणं, बाकीच्या महिन्यांत आठवड्याचे दोन उपास. हे तुला कोणी सांगितलं नव्हतं, मठानंही नाही. शेजारच्या सुनेचं मूल जन्मतःच गेलं तेव्हा तू भिंतीला टेकून बसलीस. तुझं तोंड काळवंडलं होतं. "पोटुशी होती तवा रोज ऐकाले येत होती वं बिचारी. माह्या तोंडून." मी तुझ्या शेजारी बसले होते, माहेरपणाला आलेली, नव्या बांगड्या हातभर. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला. हात फिरवला, एवढंच केलं.

एकदा मी सांगणार होते. माझ्या मुलीच्या बारशाला तू सानगडीला आली होतीस. बारसं झालं होतं, पाहुणे गेले होते, मी स्वयंपाकघरात तुझ्या उपासाची भगर शिजवत होते आणि तू पाटावर बसून बाळाची लंगोटं घडी करत होतीस. तुझं मनगट इतकं बारीक झालं होतं की बांगडीच्या जागी तू दोरा बांधला होतास. मला ते बघवेना. मी म्हटलं, "माय, त्या पुस्तकात..." तू हात वर केलास. "नोको. त्याचं बोलू नोको आता." मी म्हटलं, "ऐक तर." तू माझ्याकडे पाहिलंस, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुझ्या डोळ्यांत मला तो शब्दकोश देतानाचं काही तरी दिसलं. "दुसऱ्या कोणाची पोरगी असती तं मायची बाजू घेतली असती," तू म्हणालीस. "तू नाई घेतली. तू पोथीत होतं ते सांगितलं. मले त्या दिवशी लई दुखलं, पण मंग मनात आलं, आपली शिकवण वाया नाई गेली." बाहेरून मामंजींनी चहा मागितला. मी वळले, चहाचं आधण ठेवलं. भगर खाली लागली होती. तू ती तशीच, लागलेली, खाल्लीस.

माय, त्यानंतर मला ते कसं सांगता आलं असतं ते तूच सांग. तुझ्याकडून चातुर्मास गेला, गल्ली गेली, तुझा आवाज गेला, आणि त्या सगळ्याच्या बदल्यात तुझ्यापाशी एवढी एकच गोष्ट उरली होती, की तुझी पोरगी खरं बोलली. तीही मी काढून घ्यायची?

प्रायश्चित्ताच्या पाचव्या वर्षी तुला ताप आला आणि तो उतरेना. भंडाऱ्याला दवाखान्यात नेलं. अंगात रक्तच नाही, डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या दिवशी सकाळी तू शुद्धीवर होतीस, खिडकीतून ऊन तुझ्या पायांवर आलं होतं. तू हळूच विचारलंस, "वाचाची मनाई आहे. ऐकाची तं नाई न?" मी म्हटलं, "नाही माय. ऐकायची नाही." पिशवीत घरची छोटी पोथी होती, ती काढून मी वाचायला लागले. तू डोळे मिटून ऐकत होतीस, तुझे ओठ माझ्या आधी हलत होते. शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली आणि तिनंही हात जोडले. तेव्हाही सांगता आलं असतं. फक्त आपण दोघीच होतो, त्या म्हातारीला काय कळणार होतं. मी अध्याय संपवला आणि पोथी मिटली. दोन दिवसांनी तू गेलीस. आसगावची आत्या रडताना म्हणाली, "पुण्याईचं मरण आलं, पोथी ऐकत गेली." मी तिला तसंच म्हणू दिलं. खरं म्हणजे त्या वेळी रडण्याच्या आत कुठे तरी मला सुटल्यासारखंही वाटलं, आता विचारणारं कोणी नाही म्हणून.

मागच्या आठवड्यात गल्लीतल्या एका बारशाला गेले होते. आता एकही माग चालत नाही. नदीचं पाणी धरणामुळे बारा महिने भरलेलं असतं. देवळाला फरशी बसली आहे, आणि दुपारी तिथे माईकवर पोथी चालू होती. आत डोकावले. चौरंगापाशी एक चाळिशीची बाई, कपाळ मोकळं, गळ्यात काही नाही, खणखणीत वाचत होती. समोर पुरुष बसले होते. तुझ्यासोबत कांड्या भरणाऱ्या काकू आता फार थकल्या आहेत, पायरीवर बसून ऐकत होत्या. मी त्यांच्याजवळ बसले आणि विचारलं, महाराजांची मनाई कधी उठली? त्यांना आधी कळेचना. "कोणती मनाई? महाराज तं कधीचे गेले बाप्पा, तिकडं बालाघाटकडं." मी आठवण करून दिली. त्या बराच वेळ आठवत राहिल्या. मग म्हणाल्या, "हो वं. तुह्या मायचं. पण तुह्या मायनं महाराजाचं कुठं ऐकलं होतं? तिनं तुह्यं ऐकलं."

आणि मग मी त्यांना सांगितलं, माय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणाला. "काकू, त्या पुस्तकात तसं काही नव्हतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आत माईकवर ओवी चालू होती. मला वाटलं, त्या माझ्या तोंडावर थुंकतील, आणि थुंकल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "आता कोणाले सांगतेस?" एवढंच. थोड्या वेळानं गुडघ्याला हात लावून उठल्या आणि विचारलं, "चहा घेतेस का?"

तू माणसांच्या शब्दावर विसंबायचं नाही म्हणून पोथीवर विसंबलीस. महाराज असोत की म्हातारे असोत, पान दाखवा म्हणालीस. आणि ते पान शेवटी तुझ्यापर्यंत आलं ते एका माणसाच्याच तोंडून. ते माणूस तू स्वतः घडवलेलं होतंस, म्हणून त्याच्याबद्दल तुला शंका आली नाही. मी वर्गात मुलांना संस्कृत शिकवते, तेव्हा त्यांना सांगते की माझ्या अर्थावर जाऊ नका, स्वतः शब्द शोधून बघा. मुलांना वाटतं, बाई कडक आहेत.

या उन्हाळ्यात मी ते पुस्तक शोधून मागवलं आणि पुन्हा सगळं वाचलं. घरच्यांना सांगितलं, अभ्यासासाठी. अभ्यासासाठी नव्हतं. कुठल्या तरी कोपऱ्यात, कुठल्या तरी ओळीत, तेव्हा माझ्या नजरेतून सुटलेली ती मनाई खरंच सापडावी, असं मला वाटत होतं. ती तुझ्याविरुद्ध लिहिलेली असावी, असं मला वाटत होतं, माय. नव्हती.

हे कुठे पाठवायचं नाही, मला माहीत आहे. आत्ता हे दुकानातून आत आले. म्हणाले, "इतकं का लिहून राहिली वं दुपारपासून?" मी वही पालथी घातली आणि म्हटलं, शाळेचं आहे.